सहावं वेढं

“अहो भावजी, थांबा, थांबा…” थोरलीच्या तोंडून शब्द निघेपर्यंत धाकट्याने कात्रीने अंगठीचा दोरा कापला होता. नुसता दोरा कापून थांबला असता तरी निभावलं असतं. पण या माणसाला कुठलीच गोष्ट प्रेक्षकांशिवाय करता येत नाही. जादूगारासारखा हात उंच धरून त्याने अंगठी तळहातावर झटकली. खळ्ळकन आवाज झाला, आणि काचेच्या कपाटात इतकी वर्षं राणीसारखी बसलेली अंगठी एकमेकांत अडकलेल्या सहा वेढ्यांचा घोस होऊन त्याच्या बोटांवरून लोंबायला लागली.

कारखान्यात फक्त घरचेच होते. रविवार म्हणून पुढच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मागे नळावर आत्या ब्रश धूत होती.

“हं!” धाकटा म्हणाला. “आता होऊ द्या खरी परीक्षा.”

“भाऊ,” थोरला पुढे झाला, “दुकानाच्या पाटीवरची अंगठी होती रे ती.”

“म्हणूनच तर काढली, दादा! चार वेढ्यांची काय, आपल्या घरातलं मांजरसुद्धा जुळवेल. आप्पांची जागा घ्यायची तर आप्पांची अंगठी जुळवून दाखवायला नको?”

बरोबर तिथेच थोरलीचं डोकं तापलं. आपला दीर तिला आजचा माहीत होता का? गोष्ट साधी होती. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, आज खिडकीची जागा सोडायची ठरवली होती. खिडकीची जागा म्हणजे पोटाशी अर्धगोल कापलेलं, खाली चामड्याची झोळी बांधलेलं ते जुनं टेबल, कानस मारताना उडालेला सोन्याचा कण न् कण त्या झोळीत पडायचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या गुंत्याच्या, म्हणजे सुटी वेढी एकमेकांत जुळवून दोऱ्याने बांधलेल्या अंगठ्याच बनत आल्या होत्या, आणि त्या टेबलावर जो बसेल त्याने अंगठी घडवायची, बाकीच्यांनी घासायची, पुसायची, विकायची. हक्कदार दोन. एक थोरलीची लेक चिमटी, अंगाने नावासारखीच. दुसरा धाकट्याचा मुलगा बंडल, तोही नावासारखाच. जेवताना आप्पांनी निकाल लावून टाकला होता: सगळ्यांसमोर गुंत्याची अंगठी जो आधी जुळवेल, जागा त्याची.

आता चार वेढ्यांची अंगठी चिमटी फोनवर मैत्रिणीशी भांडता भांडता जुळवते. बंडलचा तेवढ्यात चहा गार होतो. पण सहा वेढ्यांची? ती घरात एकच, कपाटातली, तिचा दोरा कधी कोणी सोडलेला नव्हता. म्हणजे दोघंही सारखेच कोरे. धाकट्याने गणित छान मांडलं होतं.

“आप्पा, तुम्हीच सांगा,” थोरली म्हणाली. “हे बरोबर आहे का?”

खुर्चीच्या हातावर आप्पांची बोटं उगाच वाजत होती. थोरलीला एक गोष्ट खटकली. त्यांनी अंगठीकडे बघितलंच नव्हतं. ते नळाकडे बघत होते.

“बरोबर आहे,” शेवटी चिमटीच म्हणाली आणि बाह्या वर सरकवल्या. “असू दे गं आई. सहा तर सहा.”

तिच्या खिशातला फोन सकाळपासून दोनदा वाजला होता. दुसऱ्या शहरात अंगठ्या साच्यात ओतणारा एक मोठा कारखाना होता, तिथे तिला नोकरी लागत होती. उद्या सकाळी हो किंवा नाही सांगायचं होतं. खिडकी मिळाली तर नाही, खिडकी गेली तर हो. थोरलीला लेक जायला नको होती. पण त्याहूनही नको होतं ते वेगळंच. आयुष्यभर मागच्या नळाशी बसून दुसऱ्याने घडवलेलं चकचकीत करत राहायचं, आत्यासारखं. तसं होण्यापेक्षा जा बाई कुठेही, असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं आणि त्याच क्षणी नणंदेबद्दल असं मनात आल्याची तिला लाजही वाटली होती.

*

पहिला नंबर बंडलचा लागला, कारण तो खुर्चीवर जाऊन आधीच बसला होता.

“सगळ्यांनी जरा मागे व्हा. हवा येऊ द्या.”

“तुला शस्त्रक्रिया करायचीये का?” चिमटी म्हणाली.

“जवळपास तेच.”

त्याने घोस हातात घेतला आणि घरातल्या प्रत्येक पोराला बोलता यायच्या आधी येतं ते जुनं गाणं सुरू केलं, घरात सहा वेढ्यांच्या अंगठ्या नेहमी होत असत तेव्हापासूनचं. “पोटाला पोट, फुलीवर बोट. तिसरं उजवीकडून, चौथं डोक्यावरून. पाचवं मागून, सहावं आपणहून.”

ऐकायला सोपं आहे. करायलाही सोपं आहे, एकदा हाताला कळलं की. प्रत्येक वेढ्याला समोरच्या बाजूला एक बाक असतो. आधी अशी दोन शोधायची ज्यांचे बाक एकमेकांच्या कुशीत बसतात, हे पोटाला पोट. ती बसली की मध्ये एक फुली दिसते. तिच्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबून धरायचा, काही झालं तरी सोडायचा नाही. मग उरलेली वेढी खाली लोंबत असतात त्यांतलं तिसरं उजव्या हाताने उचलायचं, उजव्या बाजूने वर आणायचं आणि फुलीच्या खाचेत झोपवायचं. चौथं उलटं करून डोक्यावरून घ्यायचं. पाचवं पाठीमागून. एवढं सगळं नीट झालं की शेवटचं नुसतं हात हलवला तरी आपल्या जागी टपकन पडतं.

बंडलचं पोटालाच पोट लागेना.

“यात फट राहतेय.”

“दुसरी जोडी घे,” धाकटा त्याच्या कानाशी म्हणाला.

“बाबा, सहा वेढ्यांत जोड्या किती होतात माहितीये?”

“मला काय माहीत, तू शिकलास ना!”

बंडलने एक जोडी धरली, अंगठा दाबला, तिसरं उचललं. तिसऱ्याने वर यायचं सोडून चौथ्याला मिठी मारली. त्याने सोडवलं, तर पाचवं मध्ये शिरलं. थोड्या वेळाने त्याच्या हातात अंगठीऐवजी काहीतरी असं तयार झालं की थोरल्याने न राहवून विचारलं, “हे काय, किल्ल्यांचा जुडगा?”

“नवीन डिझाइन आहे, मोठे काका. आधुनिक.” बंडलने हसत हसत हात वर केले. “मी हरलो. घे गं चिमटे.”

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तो लगेच सावरला. कारण चिमटीने घोस उचलला होता, आणि फट तिच्याही हातात तशीच होती.

*

चिमटी डावखुरी. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे, जसं घरात एखाद्याच्या घोरण्याबद्दल बोलत नाहीत. तिने सगळं उजव्या हाताचं शिकून घेतलं होतं. कानस उजव्याने, पकड उजव्याने, सोनं जोडायला डाग देतानाची फुंकणीसुद्धा उजव्याने. उजव्याने ती बंडलच्या दुप्पट वेगाने काम करायची. पण थोरला, म्हणजे तिचा सख्खा बाप, अजूनही म्हणायचा, “डाव्या हाताचं काम गिऱ्हाइकाला कळतं बाळा. खिडकीत बसणाऱ्याला लोक बघतात.”

आत्ता तो तिच्या शेजारी उभा राहून तिचे हात बघत होता आणि त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. सकाळी तो आप्पांना हळूच म्हणाला होता की बंडलला द्या, पोरगी काय, लग्न करून जाईल. आणि आता पोरीचं पोटाला पोट लागेना तर हाच बोटांनी हवेत जोड्या लावत होता.

“पहिलं आणि चौथं बघ,” तो म्हणाला.

“बघितलं.”

“दुसरं आणि पाचवं?”

“बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?”

“मी अंगठीच्या बाजूने आहे!” थोरला म्हणाला. “दे इकडे.”

त्याने ती तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच. मग थोरल्याच्या हातून धाकट्याने. मग पुन्हा थोरल्याने. ज्या दोन भावांनी गेल्या वर्षी दिवाणखान्याच्या रंगावरून तोंडं फिरवली होती, ते आता एकाच दिव्याखाली डोक्याला डोकं लावून बसले.

“अरे तू अंगठा सोडलास.”

“मी नाही सोडला, तू ढकलला.”

“तिसरं उजवीकडून, उजवीकडून! तुला उजवं कळतं का?”

“दादा, मी दुकानात बसतो म्हणून काय अंगठी विसरलो?”

“तूच कापलास ना दोरा? गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी बजावतोस, दोरा सोडू नका, सोडलात तर आमच्याकडे यावं लागेल…”

“मग आलोच आहे की आपल्याकडे!”

थोरलीला हसू फुटलं, बंडल तर आधीपासून हसत होता, चिमटीही हसली. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की ज्याच्याकडे जायला हवं तो माणूस चार हातांवर खुर्चीत बसलाय.

“आप्पा!” धाकटा उठला. “हे काय आपण वेड्यासारखं करतोय. आप्पा, तुम्ही केलीत ना? एकदा जुळवून दाखवा. मग पुन्हा सोडू, मग पोरं करतील.”

*

आप्पांच्या मांडीवर सहा वेढी ठेवली गेली तेव्हा त्यांना ती जड लागली.

खोटं असं ते कधी बोलले नव्हते. प्रदर्शनात लोक काचेभोवती गोळा झाले होते, एकाने मागे वळून विचारलं की ही तुम्ही केलीत का, आणि त्यांनी मान हलवली. एवढंच. एका मानेचा प्रश्न. नंतर पदक आलं, ते दुकानात टांगलं. मग रंगाऱ्याने पाटीवर अंगठी काढली. लोक लांबून लांबून यायला लागले. त्या लोकांना चार वेढ्यांच्या अंगठ्या करून देता देता वर्षं गेली, आणि हळूहळू त्यांना स्वतःलाच आठवायला लागलं होतं, आपणच बसलो होतो, आपल्याच हाताने बाक दिला होता. हात मात्र विसरला नव्हता. हाताने ही अंगठी कधी केलीच नव्हती.

“पोटाला पोट,” ते म्हणाले.

फट राहिली.

“नाही, हे नव्हे…” त्यांनी दुसरी जोडी घेतली. सगळे वाकून बघत होते. त्यांना प्रत्येकाचा श्वास ऐकू येत होता. वेढी घसरली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“उजेड कमी आहे.”

बंडलने दिवा ओढून अगदी जवळ आणला.

“आता जास्त आहे.”

नळ बंद झाला. आत्या पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आप्पांनी वर बघितलं नाही.

*

आत्याला मजा येत होती. हे कबूल करायला तिला काही वाटत नव्हतं.

ती भावंडांत सगळ्यात मोठी, दोन्ही भावांची ताई. लोक समजत की ती गरीब आहे, सोसणारी आहे. ती अजिबात गरीब नव्हती. तिला नळाशी बसवलं तेव्हा ती सणसणीत भांडली होती, हरली होती, आणि मग तिने ठरवलं होतं की आपण आता कोणाला काही सांगायचं नाही. विचारलं तर सांगू. कोणी विचारलं नाही. विचारतील म्हणून वाट बघता बघता केस पिकले, आणि नंतर नंतर ती वाट बघण्यातही एक गंमत वाटायला लागली. लोक कपाटासमोर उभे राहून म्हणायचे, वा, काय हात आहे! ती ब्रश घासत ऐकायची आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघायची.

आणि आता दोन भाऊ, एक बाप, एक भाचा, सगळे पोटाला पोट लावत बसलेत. लावा म्हणावं.

पण चिमटी. चिमटीचा चेहरा बघून तिची मजा जरा कमी झाली. पोरगी पुन्हा टेबलाशी जाऊन बसली होती. ओठ दाबून धरले होते. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. आत्याला तो राग ओळखीचा होता. आरशात बघितलेला.

बोलू का? तिच्या ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात चिमटीने सगळी वेढी टेबलावर पसरली, आडव्या रांगेत, जशी ती एकमेकांत अडकली होती तशीच. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. आत्याने शब्द गिळले.

थांब. पोरीला बघू दे.

*

चिमटीने अंगठीकडे बघणं सोडून नुसत्या बाकांकडे बघायला सुरुवात केली होती. कारखान्यातल्या प्रत्येक अंगठीत पहिला बाक उजवीकडे झुकतो, कारण घडवणारा वेढं डाव्या हातात धरतो आणि पकड उजव्या हाताने वळवतो. हे कोणी शिकवत नाही. हात जसा वळतो तसं सोनं वळतं. तिने स्वतः शेकडो वेढी वळवली होती, मुकाट्याने उजव्या हाताने, आणि प्रत्येक वेळी मनगटात एक कळ यायची कारण तिच्या हाताला दुसरीकडे जायचं असायचं.

इथे पहिला बाक डावीकडे झुकत होता. दुसराही. सहाही.

“अय्या,” ती म्हणाली.

“काय?” थोरली पुढे झाली.

“आई, ही आरशातली अंगठी आहे.”

“म्हणजे?”

चिमटीने वेढी उचलली. या वेळी तिने हात बदलले. उजव्या अंगठ्याने धरलं, डावा मोकळा सोडला. पोटाला पोट. टक. फट नाही. जशी दोन माणसं खूप दिवसांनी भेटावीत तशी वेढी एकमेकांना चिकटली.

“लागलं!” बंडल ओरडला. “बाबा, लागलं!”

“फुलीवर बोट,” थोरला म्हणाला. त्याला कळलंही नाही की तो मोठ्याने म्हणतोय.

“तिसरं…” चिमटी थांबली. हसली. “डावीकडून.”

“डावीकडून?” धाकटा म्हणाला. “डावीकडून कसं असेल? कधी ऐकलंय का…”

तिसरं डावीकडून वर आलं आणि खाचेत झोपलं. सगळे एकदम ओरडले. थोरलीने नवऱ्याचा दंड धरला. चिमटीचा डावा हात चालला होता, आणि थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लेकीला असं काम करताना बघितलं. कुठेही ओढाताण नाही. इतकी वर्षं ती एका पायावर चालत होती आणि आज दुसरा पाय टेकला, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने तो दिवा जरा बाजूला केला.

“चौथं डोक्यावरून!” आता सगळेच म्हणत होते, बंडल तर टेबलावर ताल धरून. धाकटासुद्धा. तो आपल्या मुलाच्या बाजूने आहे हे विसरून गेला होता. “पाचवं मागून!”

पाचवं मागून गेलं. फुली आता वेणीसारखी दिसत होती, दाट, चमकती, पाटीवरच्या चित्रासारखी. एकच वेढं खाली लोंबत होतं.

“सहावं आपणहून!”

चिमटीने हात हलवला. सहावं हललं, आलं, आणि अडकलं.

पुन्हा हलवला. पुन्हा अडकलं.

“हळू,” थोरला म्हणाला.

“जोरात,” बंडल म्हणाला.

“अंगठा सोडू नकोस!” थोरली.

“सोडत नाहीये!” चिमटीच्या कपाळावर घाम आला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. आणखी थोडा वेळ, आणि अंगठा सुटला असता, आणि मग सगळं पहिल्यापासून. “येत नाहीये… आपणहून येत नाहीये!”

“आपणहून यायला ते काय पाहुणं आहे?” दारातून आवाज आला. “उलटी गिरकी दे त्याला. एक पूर्ण. मग ये म्हणावं.”

चिमटीने वर बघितलं नाही. डाव्या करंगळीने सहाव्या वेढ्याला एक उलटी गिरकी दिली.

टप.

*

त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात कोणी काय म्हटलं हे सांगणं कठीण आहे. बंडलने चिमटीला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला. थोरली रडतही होती आणि हसतही होती. धाकटा टाळ्या वाजवत होता, आणि मध्येच त्याच्या टाळ्या थांबल्या.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “ताई, गिरकीचं तुला कसं माहीत?”

“मीच केलीये,” आत्या म्हणाली. “मला नाही तर कोणाला माहीत असणार?”

अर्धं शटर वाऱ्याने खडखडलं. सगळे आप्पांकडे वळले. आप्पा स्वतःच्या हातांकडे बघत होते.

“गिरकी मुद्दाम ठेवली होती,” आत्या पुढे म्हणाली, जणू काही हवापाण्याबद्दल बोलतेय. “म्हटलं, कोणी सहज जुळवू नये. कधी तरी कोणी अडेल, मग मला विचारायला येईल. तुम्ही उघडलीच नाहीत कोणी. कपाटात ठेवून नुसती पुसत बसलात. म्हणजे पुसायचीही मीच.”

“आप्पा?” थोरला म्हणाला.

“केलीये तिने,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज स्पष्ट होता. “मी मान हलवली होती.”

थोरलीला वाटलं, आता काहीतरी मोठं होणार. पण या घरात मोठं काही व्हायच्या आत धाकटा बोलतो.

“ते ठीक आहे, ते आपण नंतर बघू,” तो म्हणाला. “पण मग निकाल कसा लावायचा? शेवटचं तर ताईने सांगितलं. म्हणजे चिमटीने एकटीने नाही केलं. म्हणजे परीक्षा…”

“बाबा, बास,” बंडल म्हणाला.

“अरे मी तुझ्यासाठी…”

“माझ्यासाठी नका. मला ती खिडकी कधी हवी होती का, विचारलंत एकदा तरी? मला दुकानात बरं वाटतं. माणसं येतात, गप्पा होतात. तिथे दिवसभर मान खाली घालून बसलो तर मी वेडा होईन. मी आपला तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून परीक्षेला बसलो.”

धाकट्याने पाठ टेकता येईल अशी खुर्ची शोधली आणि बसला. “हे आधी सांगायचंस. मी दोरा तरी कापला नसता.”

“मग बरं झालं नाही सांगितलं,” थोरली म्हणाली, आणि पहिल्यांदाच दीर-भावजय एकाच गोष्टीला एकदम हसले.

थोरला मात्र हसला नाही. तो लेकीसमोर उभा राहिला. “मी सकाळी आप्पांना सांगितलं होतं बंडलला द्या म्हणून.”

“माहितीये.”

“कसं?”

“बाबा, तुमची कुजबुज पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते.” चिमटीने अंगठी बोटात घालून बघितली. तिच्या बारीक बोटाला ती सैल होत होती. “तुम्ही म्हणता डाव्या हाताचं काम गिऱ्हाइकाला कळतं. पाटीवर इतकी वर्षं तेच आहे. कळलं का कोणाला?”

“नाही,” थोरला म्हणाला. “मलाही नाही.” आणि त्याने खिडकीजवळची खुर्ची स्वतःच्या हाताने मागे ओढली, तिच्यासाठी. “बस.”

चिमटीने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घसा साफ केला आणि तेच तोंडाने म्हटलं. “जागा तुझी. मी म्हणतोय. ऐकलंत सगळ्यांनी?”

“ऐकलं!” बंडल ओरडला. चिमटीने खिशातून फोन काढला, त्यावर काहीतरी चार अक्षरं टाईप केली आणि फोन उपडा ठेवला. थोरलीने त्या उपड्या फोनकडे असं बघितलं जसं बाळाकडे बघतात.

“आणि ताई?” थोरली म्हणाली. “तुम्हाला काय?”

“मला खिडकी नको,” आत्या म्हणाली. “माझ्या डोळ्यांना आता तो उजेड सोसणार नाही. मला पाटी हवी. अंगठीच्या खाली माझं नाव. मोठ्या अक्षरात. कोपऱ्यात कुठेतरी मुंगीएवढं नको.”

“रंगाऱ्याला मी उद्या सकाळी…” धाकटा चटकन उठला. आपली चूक दुरुस्त करायची संधी त्याला दिसली होती. “दुकानाच्या नावापेक्षा मोठं चालेल?”

“चालेल,” आत्या म्हणाली.

आप्पा खुर्चीतून उठले. बंडल हात द्यायला पुढे झाला तर त्यांनी त्याला बाजूला केलं. ते टेबलाशी आले आणि चिमटीपुढे हात केला. तिने अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. एखाद्याचं काम कारागीर बघतो तशी. बराच वेळ बघितली.

मग त्यांनी ती झटकली.

“आप्पा!” पाच जणांच्या तोंडून एकदम. थोरलीने तर डोळेच मिटले. सहा वेढी खळखळत त्यांच्या बोटांवरून लोंबली.

“आत्ता तर जुळवली होती!” धाकटा म्हणाला. “हे काय…”

आप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, बसले आणि घोस आत्यापुढे धरला.

“मला दाखव,” ते म्हणाले. “मला येत नाही.”

आत्या त्यांच्यासमोर बसली. तिने अंगठी घेतली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

“आधी उजवा हात मांडीखाली घाला. दाबून बसा त्याच्यावर.”

“का?”

“लहानपणी मला पाटीवर अक्षरं गिरवायला तुम्ही असंच बसवलं होतं. डावा दाबून.”

आप्पांनी मुलीकडे बघितलं. मग त्यांनी उजवा हात मांडीखाली घातला, नीट, पूर्ण मनगटापर्यंत, आणि एकट्या डाव्या हाताने ती सहा वेढी उचलायचा प्रयत्न केला. ती घसरली. टेबलाखालच्या चामड्याच्या झोळीत जाऊन पडली. त्यांनी वाकून काढली, पुन्हा धरली, पुन्हा घसरली.

“जमत नाही गं,” ते म्हणाले.

“जमेल,” आत्या म्हणाली आणि खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. “परत धरा.”